अटकेस की अटकेत?

नानाकाका: वाड्याच्या माळ्यावरच्या पेटीतला कागद अखेर मिळाला. फोटो टाकलाय. मोडी आहे, तरी 'अटकेस गेले ते आले नाहीत' एवढं मला लागलं. म्हणजे मधल्या आजोबांनी अटकेपार झेंडा लावला, हे सिद्ध!

धाकटी वहिनी: काका, रागावू नका, पण कोर्टात रोज हाच शब्द ऐकते. अटकेत गेले असतील 😀

नानाकाका: अगं 'स' आहे, 'त' नाही!

ठाण्याचा दादा: मोडीच्या वर्गातल्या सरांना दाखवला. अटकेसच आहे. सिंधूकाठचं अटक. पण काका, झेंड्याचं जरा थांबा. पूर्ण ओळ अशी: 'मधले बंधू सन तिसा खमसैन मया व अलफ अटकेस गेले ते आले नाहीत.' तिसा ९, खमसैन ५०, मया १००, अलफ १०००. सुहूर ११५९. सुहूर म्हणजे मराठेशाहीच्या कागदांतलं अरबी आकड्यांचं साल. ते मृगाला, जूनच्या सुरुवातीला बदलतं, म्हणून ५९९ मिळवले की मृग १७५८ ते मृग १७५९. राघोबादादा लाहोरात शिरले एप्रिल १७५८ ला. तेव्हा 'समान खमसैन', म्हणजे आधीचं ११५८ चालू होतं.

नानाकाका: एका वर्षाने काय फरक पडतो?

ठाण्याचा दादा: झेंड्याच्या वेळी आजोबा बहुतेक घरीच होते 🙏 सप्टेंबरात मराठ्यांनी नेमलेला पंजाबचा सुभेदार आदिना बेग वारला, पंजाब सांभाळायला कुणी राहिलं नाही. मग दत्ताजी शिंद्यांनी साबाजी शिंद्यांना तिकडे धाडलं. मागाहून गेलेल्यांत आजोबा असावेत, हा माझा अंदाज. १७५९ सरता सरता अब्दाली स्वतः आला आणि तिकडची ठाणी उठली. १० जानेवारी १७६० ला बुराडी घाटावर दत्ताजी पडले. खरं सांगू, मला झेंड्यापेक्षा हे जास्त लागलं. मुलूख घेतला त्यांचं नाव झालं, राखायला मागे ठेवले त्यांचं कोण विचारतो.

बंडू (न्यू जर्सी): बलुचिस्तानात बुगटी लोकांत मराठे आहेत ना? डीएनए करू. मी किट पाठवतो, थुंकायचं आणि परत पाठवायचं.

माई आत्या: मी कुठेही थुंकणार नाही.

ठाण्याचा दादा: आत्या, तुमचं चालणारही नाही, बापाकडून मुलाकडे जाणारा धागा लागतो. आणि बंडू, ते स्वतःला पानिपतच्या कैद्यांचे वंशज सांगतात. पानिपत १७६१ चं. आजोबा तोवर होते का, इथूनच प्रश्न.

माई आत्या: आजी सांगायची, त्यांच्या बायकोने मरेपर्यंत कुंकू पुसलं नाही. तिथी माहीत नाही म्हणून आपण सर्वपित्रीलाच त्यांचं पान वाढतो.

धाकटी वहिनी: आणि परत आले असते तरी घरच्यांनी ओळखलं असतं का? भाऊसाहेबांचा तोतया १७७६ पर्यंत चाललाच की.

माई आत्या: हरिद्वारच्या पंड्यांच्या वह्या बघा. मूळ गाव नि आडनाव सांगितलं की काढून देतात. जाता-येता गंगेवर गेले असतील तर नाव असेल.

ठाण्याचा दादा: चांगलं सुचवलंत. पुण्यात पेशवे दफ्तरही आहे, पण तिथे रुमालच्या रुमाल, म्हणजे कापडात बांधलेले कागदांचे गठ्ठे, आणि आपल्याकडे पथकाच्या सरदाराचं नावसुद्धा नाही. आधी हरिद्वार.

नानाकाका: बरं. मग आता अटकेपार म्हणायचं की नाही?

ठाण्याचा दादा: अटकेपर्यंत म्हणा.

नानाकाका: ठीक. कागद लॅमिनेट करून देवघरात लावतो.

ठाण्याचा दादा: काका, लॅमिनेट नको!! सुती कापडात गुंडाळून ठेवा, रविवारी मी येतोय.