रटगर्स: नेट ७७ असताना आत, ४० असताना बाहेर. मार्चची आशा नक्की कशावर धरायची?

स्कार्लेट_पुणेकर
रटगर्सचे (न्यू जर्सीतलं विद्यापीठ) माजी विद्यार्थी इथे बरेच आहेत, पिस्कॅटवे-एडिसनकडचे तर असणारच, म्हणून इथेच विचारतो. पुरुष बास्केटबॉल संघाचा नेट क्रमांक (एनसीएए, म्हणजे अमेरिकी महाविद्यालयीन क्रीडा संघटना, काढते ती क्रमवारी; आकडा लहान तितका चांगला) रोज सकाळी बघायचा आणि त्यावर दिवसाचा मूड ठरवायचा, हा प्रकार फेब्रुवारीत बहुतेकांचा चालू असतो. पण त्या आकड्यावर विश्वास कसा ठेवायचा? २०२२ मध्ये नेट ७७ असून एनसीएएच्या मार्चमधल्या राष्ट्रीय स्पर्धेत घेतलं, २०२३ मध्ये ४० असून वगळलं. प्रशिक्षक तेच (स्टीव्ह पायकील), लीग तीच (बिग टेन).

प्रश्न असे:
१. हे उलटं कसं झालं?
२. फेब्रुवारीत नेट सोडून नेमकं काय बघावं?
३. आपला सामना नसतो त्या दिवशी कोणाच्या बाजूने देव पाण्यात घालून बसायचं?
४. भारतीय वेळा.

"पायकीलला काढा" हा विषय कृपया दुसऱ्या धाग्यावर.

---

आकडेमोड
नेट हा निवडीचा निकष नाहीच, ती वर्गवारीची फूटपट्टी आहे. इथेच सगळ्यांचा घोळ होतो. स्पर्धेची निवड समिती तुमच्या क्रमांकापेक्षा तुम्ही ज्यांच्याशी खेळलात त्यांचे क्रमांक बघते आणि त्यावरून प्रत्येक सामना चार खणांत टाकते. त्यांना क्वाड म्हणतात:

क्वाड १: घरी १ ते ३०, तटस्थ मैदानावर १ ते ५०, बाहेर १ ते ७५
क्वाड २: घरी ३१ ते ७५, तटस्थ ५१ ते १००, बाहेर ७६ ते १३५
क्वाड ३: घरी ७६ ते १६०, तटस्थ १०१ ते २००, बाहेर १३६ ते २४०
क्वाड ४: त्याखालचं सगळं

म्हणजे ७० व्या क्रमांकाच्या संघाला त्यांच्या घरी हरवलं तर क्वाड १ चा विजय. त्याच संघाला आपल्या घरी, पिस्कॅटवेत हरवलं तर क्वाड २.

आता नेट कसा बनतो. २०१८-१९ च्या मोसमात तो आरपीआय या जुन्या क्रमवारीच्या जागी आला तेव्हा त्यात पाच घटक होते. २०२० मध्ये दोनच ठेवले: कोणाला कुठे हरवलं याचं मोल, आणि प्रतिस्पर्धी व मैदान लक्षात घेऊन काढलेली निव्वळ कार्यक्षमता. कार्यक्षमता म्हणजे दर १०० पझेशनमागे (चेंडू ताब्यात असण्याच्या पाळ्यांमागे) केलेले गुण वजा दिलेले गुण. पझेशन असे मोजा: फील्ड गोलचे प्रयत्न, वजा आक्रमक रिबाउंड, अधिक टर्नओव्हर, अधिक फ्री थ्रोच्या प्रयत्नांचे ०.४७५ पट.

उदाहरणार्थ ६० प्रयत्न, १० आक्रमक रिबाउंड, १२ टर्नओव्हर, २० फ्री थ्रो: ६० − १० + १२ + ९.५ = ७१.५. गुण ७५ असतील तर दर शंभरामागे १०४.९. समोरच्याने तेवढ्याच पझेशनमध्ये ६८ केले तर त्यांचे ९५.१. निव्वळ ९.८.

मेख पुढे आहे. जुन्या सूत्रात गुणफरकाच्या घटकाला १० ची मर्यादा होती. तो घटकच २०२० मध्ये गेला आणि कार्यक्षमतेला तशी मर्यादा नाही. त्यामुळे दुबळ्या संघाला घरी बोलावून ३५ ने धुतलं की नेट वर सरकतो. आकडा गोंडस दिसतो, पण समितीपुढच्या कागदावर तो विजय क्वाड ४ मध्येच पडलेला असतो.

---

तिसरा_क्वाड
पहिल्या प्रश्नाचं उत्तर वरच्याच्या शेवटच्या परिच्छेदात आलंय, फक्त नावं घालतो.

२०२१-२२: नोव्हेंबरच्या शेवटच्या पंधरवड्यात डीपॉल, लाफायेट, यूमास असे लागोपाठ तीन पराभव. त्यातला लाफायेटचा घरी. नेट तिथेच खड्ड्यात गेला आणि मोसमभर पूर्ण वर आला नाही. पण पुढे बघा. पर्ड्यू देशात पहिल्या क्रमांकावर असताना रॉन हार्पर ज्युनियरच्या अर्ध्या कोर्टवरून मारलेल्या शेवटच्या शॉटवर विजय. घरी आयोवा आणि इलिनॉय, बाहेर विस्कॉन्सिन आणि इंडियाना. फेब्रुवारीत मिशिगन स्टेट, ओहायो स्टेट, विस्कॉन्सिन, इलिनॉय हे चार मानांकित संघ ओळीने. बिग टेनमध्ये १२-८. क्वाड १ चा रकाना इतका भरलेला की ७७ कडे काणाडोळा करता आला. तोपर्यंत समितीने थेट निवडलेल्यांत इतका खालचा नेट कोणाचाच नव्हता. तरी जागा मिळाली ती शेवटच्या चारांत, म्हणजे डेटनला होणाऱ्या फर्स्ट फोर या प्राथमिक फेरीत. तिथे नोत्र दामकडून दोन ओव्हरटाइमनंतर ८९-८७ ने हरलो.

२०२२-२३: पर्ड्यूला, पुन्हा ते पहिल्या क्रमांकावर असताना, त्यांच्याच मैदानावर ६५-६४ ने हरवलं. एवढ्यावर निभावेल असं वाटत होतं. पण लीगबाहेरचं वेळापत्रक म्हणजे कोलंबिया, सेक्रेड हार्ट, रायडर, सेंट्रल कनेटिकट, बकनेल, कॉपिन स्टेट, सगळे घरी. कार्यक्षमता फुगली, नेट ४०. आणि वेक फॉरेस्ट सोडलं तर बरे प्रतिस्पर्धी होते तिथे, टेंपल, मायामी आणि सीटन हॉल, तिन्ही पराभव. मग २ मार्चला मिनेसोटात शेवटच्या सव्वा मिनिटात दहाची आघाडी घालवून ७५-७४ ने हार. मिनेसोटा लीगमध्ये तळाला होता. निवड समितीला कारण शोधावं लागलं नसेल, आपणच ताटात वाढून दिलं.

एनआयटीत (एनसीएएत जागा न मिळालेल्यांची दुय्यम स्पर्धा) पहिलं मानांकन मिळालं, तिथेही पहिल्याच फेरीत हॉफस्ट्राकडून घरच्या मैदानावर ओव्हरटाइममध्ये ८८-८६.

---

आरएसी_वरची_रांग
वरच्यात एक भर. आपल्या मावोट मॅगचा दुखावलेला गुडघा विसरू नका. ४ फेब्रुवारी २०२३, मॅडिसन स्क्वेअर गार्डन, मिशिगन स्टेटविरुद्ध. तो सामना जिंकून संघ १६-७ होता. त्यानंतर निवडीपर्यंत ३-७. समिती खेळाडू उपलब्ध नसणं विचारात घेते, पण त्याचा अर्थ सहानुभूती असा नाही. दुखापतग्रस्त खेळाडू मार्चमध्ये परतणार असेल तर त्याच्याशिवायचे पराभव थोडे माफ होतात. परतणारच नसेल तर प्रश्न उलटा विचारला जातो: आता उरलेला संघ लायक आहे का? मॅगच्या बाबतीत दुसरं.

आणि "शेवटच्या सामन्यांत फॉर्म दाखवला की घेतात" हा जुना समज सोडा. शेवटच्या सामन्यांचा वेगळा निकष केव्हाच काढून टाकलाय. नेटमध्येही तारखेला वजन नाही. नोव्हेंबरमधला लाफायेट आणि मार्चमधला मिनेसोटा एकाच तराजूत.

---

आकडेमोड
बरोबर. म्हणूनच दुसऱ्या प्रश्नासाठी माझा सल्ला: नेटऐवजी टीम शीटवरचा (समितीपुढे असतो तो संघाचा कागद) डब्ल्यूएबी बघा, म्हणजे निवडीच्या काठावरच्या संघापेक्षा किती विजय जास्त. एनसीएएच्या संकेतस्थळावर नेटच्या शेजारीच मिळतो. कल्पना साधी. तुमच्या जागी काठावरचा एखादा संघ तोच सामना खेळला असता तर त्याची जिंकण्याची शक्यता किती? ती समजा २० टक्के असेल (बलाढ्य संघाच्या घरी), तर जिंकल्यावर +०.८०, हरल्यावर फक्त −०.२०. शक्यता ९७ टक्के असेल (दुबळा पाहुणा), तर जिंकल्यावर +०.०३ आणि हरलात तर −०.९७.

किती गुणांनी जिंकलात याला इथे किंमत शून्य. त्यामुळे फुगवटा चालत नाही. बेरीज शून्याच्या वर असेल तर बोलायला जागा आहे. शून्याच्या आसपास असेल तर काठावर. उणे एकच्या खाली गेलात की लीगची स्पर्धा जिंकण्याशिवाय मार्ग नाही असं धरून चाला.

२०२४-२५ चा मोसम याच हिशेबात बसतो. संघात डिलन हार्पर आणि एस बेली, पुढे एनबीए ड्राफ्टमध्ये दुसरा आणि पाचवा क्रमांक. पण घरच्या बाहेर केनेसॉ स्टेट आणि प्रिन्सटनकडून पराभव डिसेंबर संपायच्या आतच खात्यावर. शेवट १५-१७. प्रतिभा टीम शीटवर छापत नाहीत.

---

काठावर_पास
हे सगळं ठीक, पण मग २०२५ मध्ये नॉर्थ कॅरोलायनाला क्वाड १ मध्ये १-१२ असताना घेतलं ते कुठल्या तराजूत? तेव्हा समितीचा अध्यक्षच त्यांचा ॲथलेटिक डायरेक्टर होता.

---

तिसरा_क्वाड
त्यांच्यावर चर्चा चालू असताना अध्यक्ष खोलीबाहेर असतो, हा नियम सगळ्यांना आहे. १२ जणांची समिती आहे, एकाच्या मर्जीवर चालत नाही. तरी तो निर्णय मलाही पटला नव्हता. पण आपल्या कामाचा धडा निघतो: १-१२ मधले बारा पराभव मोठ्या संघांकडचे होते, आणि मोठ्यांकडून हरणं स्वस्त पडतं. महाग पडतं ते मिनेसोटा.

तिसऱ्या प्रश्नाकडे. २०२५ मध्ये एकूण ६८ जागा होत्या. त्यातल्या ३१ लीगविजेत्यांच्या, उरलेल्या ३७ समितीने निवडलेल्यांच्या. लीगविजेता म्हणजे लीगची स्पर्धा जिंकणारा. त्यामुळे मार्चच्या त्या आठवड्यात देव पाण्यात घालायचे ते दोन कारणांसाठी.

एक, चोर पकडायला. ज्या लीगमधले काही संघ नक्की आत आहेत (आणि ते स्पर्धा हरले तरी समिती त्यांना घेईल), तिथे त्यांच्यापैकीच कोणी जिंकावं. दुसऱ्याने जिंकलं की त्या लीगची एक जागा वाढली आणि काठावरचा एक संघ बाहेर. २०२४ मध्ये असे पाच चोर निघाले: एनसी स्टेट, ओरेगॉन, न्यू मेक्सिको, यूएबी, डुकेन. एनसी स्टेट तर पाच दिवसांत पाच सामने जिंकून. त्या वर्षी इंडियाना स्टेट, सीटन हॉल बाहेर राहिले ते यामुळेच.

दोन, आपण हरवलेले संघ वर ठेवायला. खण ठरतो तो प्रतिस्पर्ध्याच्या आजच्या क्रमांकावर, सामन्याच्या दिवशीच्या नव्हे. घरी हरवलेला संघ ३३ वर असेल तर त्याने आणखी दोन सामने जिंकावेत अशी इच्छा धरा. ३० च्या आत आला की आपला जुना विजय बसल्या जागी क्वाड २ मधून क्वाड १ मध्ये जातो. उलटंही होतं. बाहेर हरवलेला संघ ७५ वरून ७८ वर घसरला की तोच विजय एक खण खाली. त्यामुळे फेब्रुवारीत एक कागद करा: प्रत्येक विजय, मैदान, प्रतिस्पर्ध्याचा आजचा नेट, आणि सीमेपासून किती दूर. पाचपेक्षा कमी अंतर असलेले चार-पाच संघच लाल शाईने लिहा. बाकीच्यांचे सामने सोडून द्या, झोप मोलाची आहे.

---

आरएसी_वरची_रांग
वेळांचं मी सांगतो. मार्चच्या दुसऱ्या रविवारी अमेरिकेत घड्याळ एक तास पुढे जातं. त्याआधी न्यू जर्सी आपल्या साडेदहा तास मागे, त्यानंतर साडेनऊ.

त्यामुळे मोसमातला संध्याकाळी ७ चा सामना पहाटे साडेपाचला, आणि घड्याळ बदललं की साडेचारला. सिलेक्शन संडेचा (निवडलेले संघ जाहीर होतात तो रविवार) कार्यक्रम तिथे संध्याकाळी ६ ला, म्हणजे सोमवारी पहाटे साडेतीन. डेटनचे फर्स्ट फोर सामने मंगळवारी आणि बुधवारी रात्री, म्हणजे आपल्याकडे बुधवार-गुरुवारच्या पहाटे ४ नंतर. दोन जोड्या लीगविजेत्यांतल्या तळच्या चारांच्या, दोन समितीने निवडलेल्या शेवटच्या चारांच्या. आपण गेलो तर दुसऱ्या प्रकारात. फर्स्ट फोरला नाक मुरडू नका, व्हीसीयू २०११ मध्ये आणि यूसीएलए २०२१ मध्ये त्याच फेरीतून अंतिम चारांत गेले.

---

स्कार्लेट_पुणेकर
कागद केला. गंमत म्हणजे लाल शाईतला एक संघ आपला शेजारी आणि कट्टर वैरी निघाला. त्यांच्यासाठी देव पाण्यात घालायचे?

---

तिसरा_क्वाड
त्यांना तुम्ही हरवलं असेल तर हो, घालायचे. हरला असाल तरीही. घरी त्यांच्याकडून हरलात आणि ते ७५ च्या आत राहिले तर तो क्वाड २ चा पराभव, ७६ वर गेले तर क्वाड ३ चा. कागदावर "वाईट पराभव" म्हणून वाचलं जातं ते तिथून पुढचं.