औषधाची रिकामी बाटली तुमच्या घरी पुढे कशाच्या कामी आली?

गेल्या रविवारी आईकडे न्हाणीघरावरचा माळा आवरला. बिस्किटांच्या जुन्या पत्र्याच्या डब्यात ३९ बाटल्या निघाल्या, सगळ्या औषधांच्या. एक सोडून सगळ्या स्वच्छ धुतलेल्या, बुचं वेगळी फडक्यात बांधलेली. "टाकू का?" म्हटलं तर आई म्हणाली, "टाकायच्या असत्या तर धुतल्या कशाला असत्या?" मग एकेक हातात घेऊन ती सांगत बसली. ही ग्राइप वॉटरची, तुझ्या वेळची. नंतर हिच्यात कितीतरी वर्षं निरांजनाचं तेल होतं. ही खोकल्याच्या औषधाची, हिच्यात माक्याचं तेल. ही चपटी मामाच्या टॉनिकची, प्रवासाला जाताना हिच्यात गोडंतेल न्यायची. दुपारची संध्याकाळ झाली.

त्यावरून हा धागा. तुम्ही किंवा तुमच्या घरच्यांनी खरोखर केलेलं लिहा. शोभेच्या वस्तूही चालतील, पण त्या वापरात असाव्यात. काही फसलं असेल, अंगाशी आलं असेल तर तेही नक्की लिहा. लोणच्याच्या बरणीसारखी ही बाटली नाही. आधी तिच्यात काय होतं आणि नंतर आपण काय भरलं, याला फार महत्त्व आहे.

निवृत्त कंपाउंडर, मिरज

तुम्ही ज्याला पुनर्वापर म्हणता तो आमच्या काळी दवाखान्याचा नियमच होता. मी १९६८ साली कामाला लागलो. मिक्श्चर आम्ही तयार करायचो, बाटली पेशंटनं घरून आणायची. ज्याच्याकडे नसेल त्याला आम्ही चार आणे घेऊन द्यायचो आणि परत आणली की पैसे परत. बाटलीवर मात्रा दाखवायला कागदाची पट्टी लावायची. पट्टी उभी दुमडायची, कात्रीनं कडेला तिरपे काप द्यायचे, उघडली की दोन्ही बाजूंना सारख्या खाचा. तीन दिवसांचं औषध असेल तर नऊ खाचा. मैद्याची खळ करून चिकटवायची. एक खाच म्हणजे एक डोस, अक्षरओळख नसलेल्या माणसालाही चुकायचं नाही.

बाटली हातात आली की पहिल्यांदा वास घ्यायचो. रॉकेलचा वास आला तर परत. कितीही धुतली तरी तो जात नाही. लोकांना राग यायचा, पण माझा हात कधी वळला नाही. अशी पट्टीवाली बाटली आता कुणाकडे शिल्लक असेल असं वाटत नाही. असलीच तर कळवा, बघायला आवडेल.

निवृत्त शिक्षिका, वाई

इंजेक्शनची बाटली ही आमची दौत. दुकानातून निळ्या शाईची वडी आणायची, पाण्यात विरघळवायची, बोरू बुडवायचा. काचेच्या विकतच्या दौतीतली शाई दप्तरात सांडायची, इंजेक्शनच्या बाटलीचं रबरी बूच मात्र घट्ट. दवाखान्यातल्या सिस्टरांची मुलगी आमच्या वर्गात होती, तिच्याकडे बुचांचा साठा असायचा. त्या बुचांना आम्ही खोडरबर म्हणून घासून पाहायचो. पेन्सिल पुसली जायची नाही, कागद काळा व्हायचा.

थोडक्यात आलेले

डोळ्यांच्या थेंबांची बाटली शिलाई मशीनच्या तेलासाठी. नेमक्या भोकात नेमका एक थेंब पडतो, कापडाला डाग नाही. तिचं टोक नखानं नाही तर पकडीनं उचकटून निघतं, भरलं की परत दाबून बसवायचं. (इचलकरंजी)

होमिओपथीच्या साबुदाण्यासारख्या गोळ्यांच्या इवल्या बाटल्या: एकीत केशर, एकीत सुया, एकीत मण्यांचे उरलेले दाणे. बाहेरून दिसतं, शोधावं लागत नाही. (डोंबिवली)

अमृतांजनच्या डबीत माझी आजी कुंकू ठेवायची. दोन महिने उन्हात उघडी ठेवली होती तरी कुंकवाला तो वास होताच. आजही अमृतांजन उघडलं की मला आजीचं कपाळ आठवतं. १८९३ साली मुंबईतच हे बाम सुरू झालं, हे मला फार उशिरा कळलं. (गिरगाव)

सिरपबरोबर येणारी प्लॅस्टिकची मापाची टोपी. २.५, ५, १० मिलिलिटरच्या खुणा असतात. ५ म्हणजे चहाचा चमचा. केकचा इसेन्स आणि व्हिनेगर मी त्यानंच मोजते. (मडगाव)

ग्राइप वॉटरच्या बाटल्यांत मनी प्लांट. खिडकीच्या गजांना तारेनं सात बाटल्या बांधल्यात. दर चार दिवसांनी पाणी बदलते, डासांची अळी होऊ नये म्हणून. (ठाणे)

परिचारिका म्हणून ३१ वर्षं काम केलेल्या एक ताई, विदर्भ

कुणीतरी लिहीलच म्हणून वाट बघत होते, कुणी लिहिलं नाही. औषधाच्या बाटलीचा खेड्यात सगळ्यात जास्त झालेला उपयोग म्हणजे चिमणी. बुचाला भोक, त्यात पत्र्याची नळी, चिंधीची वात, खाली रॉकेल. माझा स्वतःचा अभ्यास तिच्याच उजेडात झालाय, त्यामुळे तिला नावं ठेवायला मन होत नाही. पण जळित विभागात काम केलं तेव्हा तिची दुसरी बाजू पाहिली. बाटली उंच, हलकी, बुडाला अरुंद. मांजराचा धक्का पुरे. आडवी झाली की बूच निघतं, रॉकेल पसरतं, वात त्यातच. आणि समोर बहुतेक वेळा झोपलेलं मूल नाही तर स्वयंपाक करणारी बाई.

श्रीलंकेतही हाच प्रश्न होता. तिथले शल्यविशारद डॉ. विजय गोडाकुंबुरा यांनी त्यावर वेगळा दिवा तयार केला. बुटका, जड, जाड काचेचा, दोन बाजू चपट्या म्हणजे आडवा झाला तरी गडगडत जात नाही, आणि धातूचं झाकण आट्यांचं म्हणजे तेल सांडत नाही. त्या कामाला १९९८ साली रोलेक्स पुरस्कार मिळाला. मला त्यातलं सगळ्यात आवडलेलं हे की त्यांनी जखमा शिवता शिवता बाटलीचा आकार बदलायचा विचार केला. तुमच्या घरी शोभेसाठी अशी बाटलीची चिमणी असेल तर ठेवा, पेटवू नका.

रत्नागिरी

ताईंचं वाचून लिहायचा धीर झाला. आमच्याकडे खोकल्याच्या औषधाच्या बाटलीत रॉकेल भरून ठेवलं होतं, कुलपांना, बिजागऱ्यांना लावायला. लेबल तसंच. ठेवलं मीच. गणपतीत पाहुणे होते, सासूबाईंनी खोकणाऱ्या नातवाला अंधारात चमचाभर दिलं. तोंडात जाताच त्यानं बरंचसं थुंकलं, पण थोडं पोटात गेलंच. शेजारच्या काकू मीठपाणी पाजून उलटी काढा म्हणत होत्या. आमच्या ह्यांनी फोनवर डॉक्टरांना विचारलं, ते म्हणाले, काही झालं तरी उलटी काढू नका, रॉकेल फुप्फुसात गेलं तर जास्त धोका, तसेच घेऊन या. रात्रभर दवाखान्यात नजरेखाली ठेवलं. मुलगा आता बावीस वर्षांचा आहे, उत्तम आहे. सासूबाईंनी पुढे कधीच कुणाला औषध पाजलं नाही, याचं मला अजून वाईट वाटतं, कारण चूक त्यांची नव्हती.

तेव्हापासून घरातला नियम: औषधाच्या बाटलीत रॉकेल, फिनेल, ॲसिड, थिनर, कीटकनाशक, काही म्हणजे काही नाही. आणि जे भरू ते बाटलीवर लिहूनच.

औषध दुकानदार, नाशिक

दोन गोष्टी. पहिली, लेबल काढायचंच, भंगारात देतानाही. चांगल्या लेबलाची अख्खी बाटली नकली माल भरणाऱ्याच्या हाती पडू शकते. १ ऑगस्ट २०२३ पासून ठरावीक ३०० औषधांवर क्यूआर कोड सक्तीचा झाला तो अशाच नकली मालाला आळा घालायला. लेबल फाडा किंवा खिळ्यानं खरवडा. काढायची पद्धत: कोमट पाण्यात तासभर बाटली बुडवून ठेवा, उरलेल्या चिकट्यावर खोबरेल आणि खाण्याचा सोडा एकत्र करून चोळा. आतून ब्रश जात नाही, तेव्हा मूठभर तांदूळ आणि थोडं पाणी घालून खळखळवा.

दुसरी, अँटिबायोटिकच्या पावडरचं पातळ औषध ज्या बाटलीत झालं ती खाण्याच्या जिन्नसाला वापरू नका. पेनिसिलिनची ॲलर्जी असलेला माणूस घरात असेल तर थोडासा अंशही नको.

बाटली तपकिरी का असते तेही सांगतो. त्या काचेतून अतिनील आणि निळसर प्रकाश जवळपास जात नाही, म्हणून उजेडानं बिघडणारं औषध टिकतं. त्यामुळे घरी उजेडानं खराब होणारं जे काही असेल, केसांचं तेल, बियाणं, त्याला ही बाटली पांढऱ्या काचेपेक्षा सरस.

अकोले, जि. अहिल्यानगर

बियाण्याचा विषय निघाला म्हणून. आमच्याच तालुक्यात कोंभाळण्याला राहीबाई पोपेरे यांची बियाणे बँक आहे, तिथं मडकी, राख, कडुनिंबाचा पाला असं सगळं जुन्या पद्धतीनं. ते बघून आल्यापासून मी परसातल्या भाज्यांचं बी धरते. वाल, घेवडा मडक्यात. पण वांगी, मिरची, राजगिरा असलं बारीक बी मडक्यात हरवतं, ते मी व्हिटॅमिनच्या गोळ्यांच्या बाटल्यांत ठेवते. त्या बाटलीत एक पांढरी पुडी असते ती टाकू नका, ती ओल शोषते. पुडी जुनी झाली असेल तर भरवशाची नाही, मग मी तळाला कोरडी राख घालते.

बी आधी सावलीत खडखडीत वाळलं पाहिजे. काकडीचं बी दोन बोटांत वाकवून बघायचं. कट्कन मोडलं तर भरा, नुसतं वाकलं तर अजून आठ दिवस. पहिल्या वर्षी मी घाई केली, सगळ्या मिरचीला बुरशी. घट्ट झाकण ओल आत येऊ देत नाही, तसं आतली बाहेरही जाऊ देत नाही.

जिल्हा परिषद शाळेतले शिक्षक, नंदुरबार

डोळ्यांच्या थेंबांची रिकामी बाटली माझ्या वर्गात पाणबुडी होते. टोपण काढायचं, तोंड खाली, तोंडाशी तांब्याच्या तारेचे दोन-तीन वेढे वजनासाठी. आत थोडं पाणी घेऊन ती पेल्यात सोडून बघायची. जेमतेम तरंगली पाहिजे, बूड पाण्याच्या वर नखाएवढं. मग ती दोन लिटरच्या प्लॅस्टिकच्या बाटलीत सोडायची. ही बाटली काठोकाठ भरलेली आणि झाकण घट्ट. आता मोठी बाटली दाबा. पाणबुडी खाली जाते. सोडा, वर येते. दाबल्यावर छोट्या बाटलीतली हवा आकसते, पाणी आत शिरतं, ती जड होते.

मी उत्तर सांगत नाही. पारदर्शक बाटली घेतली की मुलांना आतली पाण्याची रेघ सरकताना दिसते आणि तीच सांगतात. गेल्या वर्षी एका मुलीनं विचारलं, "गुरुजी, मासा पण असाच खाली जातो का?" त्या प्रश्नावर आमचे दोन तास गेले. तारेचा वेढा जास्त झाला तर पाणबुडी बुडते ती बुडतेच, तेव्हा वेढे कमी-जास्त करायला वेळ ठेवा.

सांगोला

आमच्याकडं डाळिंब, आंब्याची रोपं उन्हाळ्यात जगवायला सलाइनच्या बाटल्या टांगतो. नळीवरचं चाक फिरवून थेंब कमी-जास्त करता येतो. मध्य प्रदेशात झाबुआकडच्या डोंगरातल्या शेतकऱ्यांनी असंच भाजीपाल्याला केलं होतं. माझी ४० रोपं दोन उन्हाळे निघाली.

वरच्याच परिचारिका ताई

दादा, रोपं जगली याचा आनंद आहे, पण बाटल्या कुठून आणल्या ते बघा. दवाखान्यातली वापरलेली सलाइन आणि नळी २०१६ च्या नियमांप्रमाणे लाल पिशवीत जाते आणि अधिकृत संस्थेलाच द्यावी लागते. नळीत रक्त आलेलं असू शकतं, सुई अडकलेली असू शकते. मी एका सफाई कामगाराच्या हातात सुई गेलेली पाहिली आहे. पाण्याच्या साध्या बाटलीला ठिबकचं तोटीवालं टोपण लावून हेच काम होईल.

सांगोला

ताई, भंगारवाल्याकडनं घेतल्या होत्या. पुढच्या खेपेला तुम्ही म्हणता तसं करतो.

एडिसन, न्यू जर्सी

इथे गोळ्या पट्टीत नाही, केशरी प्लॅस्टिकच्या बाटलीत मोजून देतात. सासूबाई सहा महिने राहायला आल्या होत्या, जाताना २७ बाटल्या मागे. घरच्या कचऱ्यातून पुनर्चक्रीकरणाला दिल्या तरी आकारानं लहान असल्यामुळे यंत्राच्या चाळणीतून गळतात. १९७० च्या कायद्यामुळे झाकण दाबून फिरवावं लागतं, लहान मुलांना उघडत नाही, तोच गुण मी वापरला. मराठी शाळेच्या सहलीला प्रत्येक मुलाच्या सॅकमध्ये एक बाटली: आत बँडेज, सेफ्टी पिन, पालकांचा फोन नंबर. नाव-पत्त्याचं लेबल मात्र आधी नीट काढायचं. आणि हळद-तिखट प्रवासात यात नेऊ नका, रंग बसतो, सगळं सामान पिवळं होतं.

धागा काढणारी

मिरजेच्या काकांसाठी. डब्यातली ती एक न धुतलेली बाटली आज नीट उजेडात पाहिली. पांढरी काच, लाकडी बूच, तळाला गुलाबीसर सुकलेला थर. कडेला कागदाची पट्टी, तांबूस झालेली, खाचा सहा. वरच्या दोन खाचांपुढे पेन्सिलीनं बारीक फुली. आई म्हणते, आजीच्या शेवटच्या आजारपणातली. धुतली असती तर पट्टी सुटली असती.