मदत हवी आहे: एनएफएल प्लेऑफमध्ये बाय मिळालेली टीम खरंच हळू सुरुवात करते का?

नमस्कार मंडळी,

अमेरिकन फुटबॉल बघणारे आणि त्यातून आकडेवारीत रस असणारे कुणी असतील तर मदत हवी आहे. माझी लेक अकरावीत आहे, एपी स्टॅटिस्टिक्सच्या प्रोजेक्टला तिने हाच विषय घेतलाय, बाय वीकची विश्रांती मिळालेली टीम प्लेऑफच्या (सीझननंतरच्या बाद फेऱ्यांच्या) पहिल्या मॅचला गारठलेली असते का. बाय म्हणजे पहिली फेरी न खेळता थेट दुसऱ्या फेरीत. आम्ही मेरीलँडला असतो, घरात सगळे रेवन्सवाले, म्हणजे बाल्टिमोरच्या टीमचे चाहते, तेव्हा विषय कुठून आला ते ओळखीच्या लोकांना लगेच कळेल.

२०१९ चा सीझन आठवा. रेवन्सचा १४-२ रेकॉर्ड (१४ जिंकल्या, २ हरल्या), आमचा क्वार्टरबॅक (पास टाकणारा मुख्य खेळाडू) लमार जॅक्सन एकमताने एमव्हीपी म्हणजे सर्वोत्तम खेळाडू, पहिला सीड (क्रमवारीतलं पहिलं स्थान) आधीच पक्का झाला म्हणून शेवटच्या मॅचला त्याला बसवलं, मग बाय, म्हणजे २२ डिसेंबरला खेळलेला माणूस थेट ११ जानेवारीला मैदानात उतरला. समोर टायटन्स. पहिल्याच ड्राइव्हला (बॉल हातात असतानाच्या सलग चढाईला) इंटरसेप्शन, म्हणजे आमचा पास त्यांनी पकडला, मग चौथ्या डाऊनला (शेवटच्या प्रयत्नाला) १ यार्ड हवा होता तो मिळाला नाही, बघता बघता १४-०. शेवटी २८-१२ ने हरलो. ५३० यार्ड काढले आणि पॉइंट १२! त्या दिवसापासून आमच्याकडे "बाय नकोच" असं म्हणणारा एक गट आहे.

पण लेक म्हणते दुसऱ्याच दिवशीची मॅच बघ. चीफ्सलाही बाय होता आणि टेक्सन्सनी त्यांच्यावर २४-० केलं होतं. हे चीफ्स शेवटच्या आठवड्यात पूर्ण ताकदीने खेळले होते, कारण त्यांचा दुसरा सीड तेव्हा ठरला नव्हता. आणि २४-० वरून ते हाफटाइमला २८-२४ ने पुढे, मॅच ५१-३१ ने जिंकले, नंतर सुपर बोल, म्हणजे अंतिम सामनाही. मग याला हळू सुरुवात म्हणायचं की पंट (बॉल लाथेने लांब मारून सोडून देणं) ब्लॉक झाला, पंट हातातून सुटला, पास पडले, हा नुसता वाईट अर्धा तास होता?

तिने २०२० ते २०२४ या सीझनांची यादी केलीय, तेव्हापासून फक्त पहिल्या सीडलाच बाय मिळतो. दोन्ही कॉन्फरन्समधल्या (लीगच्या दोन गटांमधल्या) पहिल्या सीडच्या मिळून १० मॅच, त्यात ७ जिंकल्या. हरलेल्या म्हणजे २०२१ चे टायटन्स आणि पॅकर्स दोघेही, आणि २०२४ चे लायन्स. पण जिंकणं हरणं वेगळं आणि सुरुवात वेगळी, इथेच आम्ही अडकलोय. मोजायचं काय, पहिल्या क्वार्टरचे पॉइंट, पहिला ड्राइव्ह, की हाफटाइमचा स्कोअर? तुलना कशाशी करायची? आणि शेवटच्या आठवड्यात बसवलेले खेळाडू वेगळे धरायचे का? शिक्षकांना आराखडा पुढच्या आठवड्यात द्यायचा आहे. जाणकारांनी कृपया सांगा.

किकऑफ:
ताई, विषय मस्त आहे. तुम्ही दिलेल्या तीन हरलेल्या मॅचच नीट बघा, त्यातच अर्धं उत्तर आहे.

टायटन्स: मॅचच्या पहिल्याच प्लेला त्यांच्या क्वार्टरबॅक टॅनेहिलचा इंटरसेप्शन. कुणीही म्हणेल की गंज चढला होता. पॅकर्स: त्याच संध्याकाळी लॅम्बोवर, म्हणजे घरच्या मैदानावर, बर्फात पहिल्याच ड्राइव्हला टचडाऊन, हाफटाइमला ७-० ने पुढे, आणि नंतर अख्ख्या मॅचमध्ये फक्त एक फील्ड गोल, पंट ब्लॉक होऊन टचडाऊन खाल्ला, १३-१० ने हरले. म्हणजे सुरुवात झकास आणि शेवट वाईट. तेव्हा निकालावरून सुरुवात अजिबात ठरवू नका.

अजून एक, टॉस. बहुतेक टीम टॉस जिंकल्या की बॉल दुसऱ्या हाफसाठी राखून ठेवतात, त्यामुळे पहिल्या क्वार्टरमध्ये कुणाला दोन ड्राइव्ह मिळतात कुणाला तीन, नुसते क्वार्टरचे पॉइंट मोजले तर यातच गोंधळ होईल. दर ड्राइव्हमागे पॉइंट काढा.

मिशिगनकर:
लायन्सचं नाव आलं म्हणून लिहितो, ती मॅच अजून पोटात आहे. आमचा बाय शेवटच्या मॅचला व्हायकिंग्जना ३१-९ हरवून मिळवलेला, कुणालाही बसवलं नव्हतं. कमांडर्सविरुद्ध पहिल्या क्वार्टरनंतर आम्ही ७-३ ने पुढे होतो. मग दुसऱ्या क्वार्टरमध्ये त्यांनी २८ मारले. पाच टर्नओव्हर (बॉल समोरच्यांना गमावणं) केल्यावर काय होणार, ४५-३१. डिफेन्स आधीच जखमी होता, डिफेन्सचा मुख्य खेळाडू हचिन्सन, त्याचा पाय ऑक्टोबरमध्येच मोडलेला. इथे लोक सर्रास म्हणाले की बायने घात केला, मला ते तेव्हाही पटलं नाही आणि आताही नाही. बाय नसता तर अजून एखादा जखमी झाला असता.

आकडेमोड:
मी नोकरीत डेटाच बघतो, तेव्हा जरा सविस्तर.

१० मॅचवर काहीही सिद्ध होणार नाही. १९९० ते २०१९ दर सीझनला चार टीमना बाय होता, ते सीझन घ्या. प्ले-बाय-प्ले डेटा एनएफएलफास्टआर या पॅकेजमध्ये १९९९ पासून फुकट मिळतो, म्हणजे १९९९ ते २०१९ च्या ८४ आणि नंतरच्या १०. शाळेच्या प्रोजेक्टला एवढं पुरे.

तुलना दोन प्रकारे करा. पहिली, त्या टीमची स्वतःशी: सीझनभर पहिल्या दोन ड्राइव्हना सरासरी किती पॉइंट काढले आणि बायनंतर किती. डिफेन्सचंही तसंच. दुसऱ्यांनी तुमच्यावर १४-० केलं तर त्यात डिफेन्सचाही वाटा असतो, हे लोक विसरतात. आणि समोरची टीम सीझनमधल्या सरासरी टीमपेक्षा चांगली असणार, ती एक प्लेऑफ मॅच जिंकून आलेली आहे, त्यामुळे पॉइंट थोडे घटणारच. ती घट बायच्या माथी मारू नये.

म्हणून दुसरी तुलना मला जास्त महत्त्वाची वाटते: दुसरा सीड. २०१९ पर्यंत त्याला बाय होता, २०२० पासून नाही. पण वाइल्ड कार्ड (प्लेऑफची पहिली फेरी) जिंकला की पुढची मॅच तो घरीच खेळतो, आधीसारखीच. म्हणजे तेच मैदान, साधारण त्याच दर्जाची टीम, फरक फक्त विश्रांतीचा! २०२० ते २०२४ मध्ये २०२३ चे काउबॉइज सोडले तर बाकी ९ दुसरे सीड वाइल्ड कार्डची मॅच जिंकून पुढे गेले, म्हणजे हरलेले गाळल्यामुळे तुलना फार बिघडत नाही. संख्या लहान आहे हे अहवालात स्पष्ट लिहायचं, शिक्षकांना ते आवडेल.

धागाकर्ती:
खूप खूप धन्यवाद, दुसऱ्या सीडची कल्पना लेकीला वाचून दाखवली तर ती लगेच लॅपटॉप घेऊन बसली. मिशिगनकर, तुमची मॅच आम्हीही बघितली होती, खरंच वाईट वाटलं.

खेळाडू बसवण्याबद्दल कुणी सांगेल का? कारण आमच्याच टीमचं बघा, २०२३ ला लमारला शेवटच्या मॅचला परत बसवलं, परत बाय, आणि टेक्सन्सविरुद्ध हाफटाइमला १०-१० अशी बरोबरी. मग दुसऱ्या हाफमध्ये २४-० आणि मॅच ३४-१०. त्यातही टेक्सन्सचा एकमेव टचडाऊन पंट रिटर्नवर आला होता, म्हणजे डिफेन्स काही गारठलेला नव्हता.

किकऑफ:
माझ्या मते तेच मुख्य आहे, बाय एकटा वेगळा आणि बाय अधिक बसवणं वेगळं. २००५ चे कोल्ट्स १४-२, शेवटी मुख्य खेळाडूंना आराम दिला, मग बाय, आणि स्टीलर्सनी पहिल्याच क्वार्टरमध्ये १४-० केलं, २१-१८ ने घरी हरले. उलट २०२४ चे चीफ्स, त्यांचा क्वार्टरबॅक माहोम्स २५ डिसेंबरनंतर एकदम १८ जानेवारीला खेळला, पहिलाच किकऑफ ६३ यार्ड परत आणला आणि २३-१४ ने जिंकले. दोन्ही बाजूंची उदाहरणं सापडतात, म्हणून वेगळा रकाना करा.

अजून एक मला फार आवडणारी गोष्ट. क्वार्टरबॅक ब्रेडी असताना पेट्रियट्स ९ सुपर बोल खेळले, त्या सगळ्यांच्या पहिल्या क्वार्टरमध्ये मिळून त्यांचे पॉइंट फक्त ३! आणि त्यातले ६ जिंकले. सुपर बोलआधी साधारणपणे दोन आठवडे दोघांनाही मिळतात, म्हणजे गंज असेल तर दोघांनाही. तरीही सुरुवात संथ. तेव्हा नवीन प्रतिस्पर्धी, सावध प्लॅन हेही कारण असतं. बाय वीकमध्ये तर समोर कोण येणार तेच वाइल्ड कार्ड संपेपर्यंत माहीत नसतं, कोच बसून स्वतःच्याच टीमचे व्हिडिओ तपासत असतात.

धागाकर्ती:
ठरलं मग. पहिले दोन ड्राइव्ह, दर ड्राइव्हमागे पॉइंट, स्वतःच्या सीझनशी तुलना, दुसरा सीड आधी आणि नंतर, आणि बसवलं की नाही याचा रकाना. फक्त जुन्या सीझनांना कुणाला बसवलं होतं हे कळणार कसं? प्रो फुटबॉल रेफरन्सवर कोण किती स्नॅप (प्ले) खेळला ते २०१२ पासूनच दिसतंय.

आकडेमोड:
स्नॅपची गरज नाही. फक्त क्वार्टरबॅक धरा. शेवटच्या मॅचच्या बॉक्स स्कोअरमध्ये मुख्य क्वार्टरबॅकचे पास किती ते बघा, १९९९ पासून सगळं आहे. त्याच्या सरासरीच्या निम्म्याहून कमी असतील तर "बसवला" धरायचं. फक्त तो जखमी होऊन बाहेर गेला होता का हे त्या दिवसाच्या बातमीत तपासून घ्या, ते वेगळे काढावे लागतील. फाइल तयार झाली की इथे टाका, सूत्रं मी बघून देतो.