दुर्बिणीतल्या रेघांवरून वणव्याचं अंतर कसं काढायचं?

वाईकर_मास्तर

नमस्कार मंडळी. आमच्या वाई भागात होळीच्या आधीपासून डोंगर पेटायला लागतात. गवत जाळलं की पुढच्या वर्षी जोमानं येतं, हा समज काही केल्या जात नाही. करवंदीच्या जाळ्या, जमिनीवरची घरटी, आम्ही पावसाळ्यात लावलेली रोपं, सगळं एका दुपारी राख होतं. आमचा गट ओल्या फांद्या घेऊन विझवायला धावतो. वर टेपावर (टेकाडाच्या माथ्यावर) उभा असलेला माणूस फोनवर सांगतो, "त्या सोंडेच्या पलीकडं, जवळच आहे," आणि खालची पोरं भलत्याच ओढ्यात उतरतात. हे थांबवायचं आहे.

म्हणून गटासाठी 7×50 ची, म्हणजे सातपट मोठं दाखवणारी, 50 मिलिमीटर भिंगाची दुर्बीण घेतली. आत उभ्या-आडव्या रेघा आहेत, माहितीपत्रकात एक भाग 5 मिलचा दिलाय. मिल हे कोनाचं माप, 1000 मीटरवरची 1 मीटरची वस्तू एक मिल भरते. सूत्र असं: वस्तूची उंची मीटरमध्ये, गुणिले 1000, भागिले मिल. समोरच्या विजेच्या खांबावर लावून पाहिलं. खांब 8 मीटरचा, रीडिंग साडेपाच मिल, उत्तर 1455 मीटर. गूगल अर्थवर तेच अंतर 1190 भरतं. खांबाशेजारी एका पोराला उभं केलं आणि त्याच्यावरून काढलं, तर एकदा 850 आलं, एकदा 1700. दुर्बिणीत दोष आहे, की पद्धतीत काही राहतंय?

टेक्सासकर

सर, मूळचा कराडचा, आता सॅन अँटोनिओजवळ राहतो. इथं रेंजवर लांब पल्ल्याची नेमबाजी करतो. रायफलच्या दुर्बिणीतल्या रेघाही याच मिलच्या असतात. आमच्याकडे नवशिक्यांना पहिला प्रश्न हा विचारतात: तुझ्या रेघा कुठल्या झूमवर खऱ्या? काही दुर्बिणींत झूम वाढवलं की रेघाही लक्ष्याबरोबर मोठ्या होतात, तिथं कुठल्याही झूमवर वाचा. पण बऱ्याच स्वस्त दुर्बिणींत रेघा तेवढ्याच राहतात आणि एकाच झूमवर खऱ्या असतात. 16 वर खऱ्या असलेल्या रेघा 8 वर वाचल्या तर अंतर दुप्पट येतं. तुमच्या 7×50 ला झूमच नाही, म्हणजे ही भानगड नाही. चूक असेल तर वस्तूच्या मापात असेल. इथं 12 इंची लोखंडी पाटी टांगलेली असते, माप पक्कं ठाऊक असतं. 0.6 मिल दिसली की 508 मीटर. माप पक्कं नसेल तर भारी काचही काही कामाची नाही.

तोफखाना_सातारा

गुरुजी, दुर्बीण ठीक आहे. आठ मीटरचा सिमेंटचा खांब पुरताना दीड मीटर जमिनीत जातो, वर राहतो साडेसहा. 6.5 गुणिले 1000 भागिले 5.5 करा. 1182 येतं. तुमचं रीडिंग चोख आहे.

मी तोफखान्यात होतो, देवळालीला शिकलो, पुढं बरीच वर्षं ओपीवर काढली. ओपी म्हणजे तोफांच्या पुढं बसून गोळा कुठं पडला ते पाहणारा माणूस. त्या हिशेबानं सांगतो.

माणसावरून एवढ्या लांबचं अंतर काढू नका. 1.7 मीटरचा माणूस 1200 मीटरवर जेमतेम 1.4 मिल भरतो, आणि तुमच्या रेघा पाच-पाच मिलवर. एक मिल वाचला की 1700, दोन वाचले की 850. तुमचे दोन्ही आकडे तिथूनच आले. लांबच्या पल्ल्याला मोठं माप धरायचं. दोन खांबांमधलं अंतर एकदा टेपनं मोजून ठेवा. समजा 50 मीटर भरलं, तर 1200 मीटरवर ते 42 मिलच्या आसपास दिसेल, आणि अर्धा मिल इकडंतिकडं झाला तरी फरक पंधराएक मीटरचाच पडेल. फक्त खांबांची ओळ तुमच्यासमोर आडवी पाहिजे. ती 30 अंश तिरकी गेली असेल तर तेच 50 मीटर 43 असल्यासारखे दिसतात, आणि 1200 चं उत्तर 1385 येतं. कड्यावरून खाली पाहताना उभ्या खांबाचंही असंच होतं, तो बुटका दिसतो. तिथं पुलाची लांबी, शाळेची आडवी इमारत असलं काही धरा.

आणि दरीपलीकडची गोष्ट नुसत्या डोळ्याला नेहमी जवळ वाटते, कारण मधली जमीन दिसतच नाही. तुमचा टेपावरचा माणूस "जवळच आहे" म्हणतो तो त्यामुळं. एनसीसीच्या पोरांना हे शिकवलेलं असतं, तुमच्या शाळेत तुकडी असेल तर विचारा.

आता मुद्द्याचं. वणव्यासाठी हे गणित उलटं वापरा. ज्वाळा किती उंच ते कोण सांगणार? आगीशेजारी खांब असेलच असं नाही. आम्ही नव्या ओपीवर पोचलो की आधी समोरचा मुलूख कागदावर काढायचो. डावीकडून उजवीकडं सोंड, मंदिर, पाण्याची टाकी, मोबाईलचा टॉवर, एकटं झाड. प्रत्येकाखाली नकाशावरून काढलेलं अंतर आणि होकायंत्राचा आकडा. हे काम निवांत दिवशी, स्वच्छ उजेडात उरकून ठेवायचं. मग आग दिसली की फक्त जवळच्या खुणेपासून किती मिल डावी-उजवीकडं ते मोजायचं. टाकी 3000 मीटरवर असेल तर तिथं एक मिल म्हणजे 3 मीटर. "टाकीच्या डावीकडं 40 मिल" म्हणजे टाकीपासून 120 मीटर. हे खालच्या पोराला कळतं, त्याला टाकी ठाऊक असते.

आग टाकीच्या अलीकडं की पलीकडं हे एका जागेवरून नीट कळत नाही. तिथं दुसरा माणूस दुसऱ्या टेकडीवर पाहिजे. दोघांनी होकायंत्रावर आकडा घ्यायचा आणि नकाशावर दोन रेषा ओढायच्या. छेदतील तिथं आग. दोघं इतके लांब असावेत की रेषा काटकोनाच्या जवळपास छेदतील. चिंचोळ्या कोनात छेदल्या तर एका अंशाच्या फरकानं जागा पार पुढच्या सोंडेवर जाते.

दर्यावर्दी

मी दापोलीचा, मर्चंट नेव्हीत आहे. तुमची दुर्बीण आमच्याच जातीची. आम्ही दीपगृहावरून असंच अंतर काढतो. त्यात एक जपावं लागतं: यादीत दिलेली उंची भरतीच्या पाण्यापासून दिव्यापर्यंतची असते, मनोऱ्याची नसते. टेकाडावरचं दीपगृह असेल तर दोन्हींत मोठा फरक. तुमच्या खांबाचीच गोष्ट आहे, फक्त उलट बाजूनं. शिवाय दुर्बीण हातात धरून मिल वाचू नका. कठड्यावर टेकवा नाहीतर तिवईवर लावा.

वाईकर_मास्तर

सगळ्यांचे मनापासून आभार. खांब जमिनीत दीड मीटर असतो हे वायरमनला विचारलं, त्यानंही तेच सांगितलं. काका, तुमच्या सांगण्याप्रमाणं नववीच्या पोरांनी टेपावरून चित्र काढलं. धोम धरणाची भिंत, पांडवगडाचा माथा, दोन टॉवर, तीन वस्त्या, सगळं आलं. खाली अंतरं लिहिली, ताव प्लॅस्टिकमध्ये घातला. एक अडचण उरलीय. वणवा बऱ्याचदा अंधार पडल्यावर दिसतो. तेव्हा ना खुणा दिसतात, ना दुर्बिणीतल्या रेघा.

तोफखाना_सातारा

गुरुजी, चित्र काढलंत हे फार चांगलं केलंत. त्याच चित्रावर वेगळ्या रंगानं रात्रीच्या खुणा भरा: टॉवरवरचा लाल दिवा, वस्तीवरचा खांबावरचा दिवा, देवळाचा दिवा. लोडशेडिंगमध्ये विझणारे दिवे धरू नका. टॉवरचा बहुधा टिकतो, त्याला बॅटरी असते.

रेघा दिसत नसतील तर हात वापरा. हात सरळ ताणून एक डोळा मिटायचा. एक बोट साधारण 30 मिल झाकतं, तीन बोटं 100 च्या आसपास. अंधारात आगीच्या उजेडावर बोट काळं स्पष्ट दिसतं. पण हे आकडे ढोबळ आहेत, प्रत्येकाचा हात वेगळा. शाळेच्या भिंतीवर खडूनं 1 मीटरवर दोन रेघा मारा आणि पोरांना डोळ्यापासून भिंत 10 मीटर राहील असं समोर उभं करा. त्या दोन रेघांमधलं अंतर म्हणजे 100 मिल. कुणाची किती बोटं त्यात बसतात ते त्याच्या त्याच्या नावापुढं लिहून ठेवा, आणि टेपावर जाणाऱ्यानं स्वतःचाच आकडा वापरायचा.

एक कळकळीचं सांगतो. फोनवर बोलताना अंतराच्या आधी वारा कुठून कुठं आहे ते सांगायला शिकवा. आग चढावर जोरात पळते. कुणी तिच्या वरच्या अंगाला असेल तर आधी त्याला नाव घेऊन बाजूला काढा, जळून काळ्या झालेल्या जमिनीकडं उतरवा, मिल-बिल नंतर सांगा.