मदत हवी आहे: फोनवर देवनागरीत टाइप करताना विरामचिन्हं पटापट कशी द्यायची?

नमस्कार मंडळी,

मी परभणी जिल्ह्यात तालुक्याच्या गावी वार्ताहर आहे. घरी संगणक आहे, पण बातमी जाते ती फोनवरूनच. बाजार समितीच्या ओट्यावर, नाहीतर तहसीलच्या पायरीवर बसून टाइप करायची आणि पाठवायची. गूगलच्या जीबोर्डचा देवनागरी कीबोर्ड वापरतो. अक्षरांवर हात बसलाय, अडतंय ते विरामचिन्हांपाशी.

हे वाक्य बघा:

तहसीलदार म्हणाले, "पंचनामे सुरू आहेत, अहवाल सोमवारी पाठवू."

स्वल्पविराम आणि पूर्णविराम स्पेसच्या रांगेतच आहेत, त्यांचा त्रास नाही. अवतरणचिन्हासाठी मात्र ?१२३ दाबा, चिन्ह दाबा, मग पुन्हा अक्षरांवर या. अर्धविरामापुढं स्पेस दिली की अक्षरं आपोआप परत येतात. पण उघडत्या अवतरणचिन्हापुढं स्पेस नसते ना! तिथं दरवेळी आपणच परत यायचं, आणि घाईत विसरलं की 'पंचनामे'च्या जागी आकडे न् कंस उमटतात. मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनाच्या, म्हणजे १७ सप्टेंबरच्या बातम्या तर विचारू नका. सत्काराची यादी: नाव, कंसात गाव, स्वल्पविराम, पुन्हा नाव, पुन्हा कंस. अंगठा बधिर होतो.

आमच्यातल्या बऱ्याच जणांनी यावर सोपा उपाय काढलाय, चिन्हंच द्यायची नाहीत. 'शेतकरी म्हणाले अधिकारी खोटं बोलतात' असं पाठवून द्यायचं. आता खोटं नेमकं कोण बोलतंय, हे डेस्कवरच्या माणसानं ठरवायचं! मला हे पटत नाही.

बोलून टाइप करा, हा सल्ला कृपया नको. लिलाव चालू असताना फोन माझं ऐकतो की अडत्याचं, काही सांगता येत नाही. इंग्रजी अक्षरांतून मराठी करणाऱ्या कीबोर्डवरही जायचं नाही. आहे त्यातच वेग कसा वाढेल, ते सांगा.

प्रतिसाद – गोदाकाठ

?१२३ दाबून सोडू नका. बोट तसंच ठेवून हव्या त्या चिन्हापर्यंत सरकवा आणि तिथं उचला. चिन्ह उमटतं आणि कीबोर्ड लगेच अक्षरांवर परत येतो. तुमच्या उघडत्या अवतरणचिन्हाचा प्रश्न इथंच मिटला. अवतरण, कोलन, अर्धविराम, कंस, उद्गारचिन्ह, सगळं चिन्हांच्या पहिल्याच पानावर आहे, त्यामुळं पुढच्या पानाची गरज पडत नाही. आयफोनवरही असंच सरकवता येतं.

प्रतिसाद – बिंदुसरा

पूर्णविरामाचं बटण दाबून धरा. वर छोटी पट्टी उघडते, तिच्यात प्रश्नचिन्ह, उद्गारचिन्ह, कोलन वगैरे असतात. तिथंही बोट न उचलता सरकवायचं. सॅमसंगचा स्वतःचा कीबोर्ड असेल तर या पट्टीत कुठली चिन्हं हवीत ते सेटिंगमधून ठरवता येतं. 'कस्टम सिम्बॉल्स' असं शोधा.

मूळ प्रश्नकर्ता

गोदाकाठ, काय सांगू! इतकी वर्षं फोन वापरतोय, हे कुणी बोललं नव्हतं. बिंदुसराताई, पट्टी दिसली, पण ती उघडेपर्यंत थांबावं लागतं. लय संथ वाटतंय.

प्रतिसाद – बिंदुसरा

थांबण्याचा वेळ कमी करता येतो की. जीबोर्डच्या सेटिंगमध्ये प्रेफरन्सेस, त्यात खाली 'की लाँग प्रेस डिले'. मुळात ३०० मिलिसेकंद असतो. थोडा थोडा कमी करत बघा. एकदम १०० वर नेऊ नका, नाहीतर साधं अक्षर दाबतानाही त्याची पट्टी उघडेल आणि भलतंच अक्षर पडेल. तुम्ही देवनागरी वापरता, म्हणजे दाबून धरलं की दुसरं अक्षर येणार हे आलंच.

प्रतिसाद – जुना_मुद्रितशोधक

तुमच्या डेस्कच्या वतीनं एक विनंती. 'वेळः' आणि 'स्थळः' असं लिहून पाठवू नका. तो विसर्ग आहे, कोलन नाही. फोनवर विसर्ग अक्षरांच्याच पानावर हाताशी असतो आणि कोलन पलीकडं, म्हणून सगळे तोच ठोकतात. दिसायला सारखा दिसतो, पण छपाईचा फॉन्ट बदलला की उघडा पडतो, आणि कोलन देऊन 'स्थळ:' शोधायला गेलं तर सापडत नाही. सरकवायची सवय लागली की कोलनही तेवढाच जवळ येईल.

आणि कंस उघडून लगेच बंद करून ठेवा. मग स्पेसबारवर बोट डावीकडं सरकवलं की कर्सर आत जातो. गाव लिहा आणि बाहेर या. बंद करायचा राहिलेला कंस मी रोज बघतो.

प्रतिसाद – जनाईचं_गंगाखेड

माझा त्रास वेगळा. मी हरिपाठाचे अभंग टाइप करून भजनी मंडळाच्या ग्रुपवर टाकतो, मला ॥ लागतो. लोक दोन उभ्या रेघा ओढतात. ॥ हे एकच स्वतंत्र चिन्ह आहे, दोन रेघा नव्हेत. जीबोर्डच्या 'डिक्शनरी'त 'पर्सनल डिक्शनरी' आहे, तिथं मराठीखाली ॥ ठेवून शॉर्टकट 'दद' दिलाय. 'दद' लिहिलं की वरच्या पट्टीत ॥ येतो, त्यावर टिचकी मारायची. आयफोनला 'टेक्स्ट रिप्लेसमेंट' म्हणतात, तिथं स्पेस दिली की आपोआप बदलतं.

वार्ताहर साहेबांनी 'स्थळ: / वेळ: / उपस्थिती:' असा साचा क्लिपबोर्डवर पिन करून ठेवावा. पिन केलं नाही तर तासाभरानं जातो.

मूळ प्रश्नकर्ता

सर्वांचे आभार. डिले २०० वर ठेवलाय. अंगठा अजून मधूनच चुकून प्रश्नचिन्हावर उतरतो, पण कंसांची यादी आता रडवत नाही. विसर्गाचं खरं आहे, जुने मेसेज उघडून पाहिले तर सगळीकडं तोच. साचा पिन केला.

एकच राहिलं. बाजारभावाच्या बातमीत किमान आणि कमाल दरामध्ये संयोगचिन्ह द्यायचं की त्याहून लांब रेघ? डेस्कवर दोघंजण दोन सांगतात. मुद्रितशोधक, तुम्हीच बोला.