मदत हवी आहे: ई-मुलाकातीसाठी (कैद्याशी व्हिडिओ कॉलवरची भेट) आई-मुलाचं नातं कसं दाखवायचं?

नमस्कार मंडळी, इंदूरच्या एका आजींसाठी विचारतेय. सून जेलमध्ये आहे, खटला चालू आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या 2006 च्या निकालानुसार मूल सहा वर्षांचं होईपर्यंतच आईजवळ राहू शकतं, म्हणून नातू आता आजींकडे असतो.

ई-मुलाकातीच्या पोर्टलवर अर्ज भरला की आजींच्या मोबाइलवर ओटीपी येतो, अर्ज जातोही, पण नंतर नामंजूर होतो. कारण कळत नाही. माझा अंदाज असा: जेलच्या नोंदीत सुनेचं माहेरचं नाव आहे, आधारवर सासरचं. दोन्ही नावांनी भरून पाहिलं. मुलाच्या आधारवर पालक म्हणून आजीच आहेत; आईचं नाव फक्त जन्मदाखल्यावर आहे.

पत्रं चालू आहेत. ती तपासूनच आत जातात, म्हणून मजकूर साधा ठेवतो. मागच्या पत्रात त्याने पडलेल्या दाताची खिडकी रंगवून पाठवली. पण लेकराला आई दिसायला हवी हो! आजींचे गुडघे दुखतात, जेलबाहेरच्या रांगेत उभं राहणं त्यांना झेपत नाही.

जन्मदाखल्याची प्रत जोडून आधी जेल अधीक्षकांना लेखी अर्ज द्यावा, की विधी सेवा प्राधिकरणाच्या (मोफत कायदेशीर मदत देणारी सरकारी संस्था) वकिलांकरवी आधी नोंदीतलं नाव दुरुस्त करून घ्यावं? कोणी हे करून घेतलंय का, आणि सोबत कोणते कागद लागले?