हेलो पुरता विरघळत नाही

दीर्घिकांच्या समूहात एखादी दीर्घिका शिरली की तिचा हेलो, म्हणजे तिच्याभोवतीचा डार्क मॅटरचा (न दिसणाऱ्या, फक्त गुरुत्वाकर्षणातून जाणवणाऱ्या पदार्थाचा) वेढा, समूहाच्या मोठ्या हेलोत विरघळून जातो, असं म्हटलं जातं; ते मला अर्धंच पटलं. भरतीबलांमुळे (समूहाची गुरुत्वाकर्षणाची ओढ जवळच्या-दूरच्या भागांवर कमीजास्त पडते, त्यामुळे) सोलवटून निघतो तो बाहेरचा भाग. (हेलो म्हटलं की कडं डोळ्यांसमोर येतं, पण असतो तो साधारण गोळाच.) तारे गाभ्यात दाटीनं असतात, त्यामुळे डार्क मॅटर आधी जातं आणि तारे बरेचसे टिकतात. म्हणून समूहातल्या दीर्घिकेच्या प्रकाशावरून तिच्या हेलोचं वस्तुमान काढायला गेलं की फसगत होते.

आणखी एक मुद्दा म्हणजे गुरुत्वीय भिंगं, म्हणजे आपल्या गुरुत्वाकर्षणाने मागून येणारा प्रकाश भिंगासारखा वाकवणाऱ्या वस्तू. मेनेगेत्ती, प्रियंवदा नटराजन या खगोलशास्त्रज्ञांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०२० मध्ये ११ समूह तपासले. त्यांत एकेकट्या दीर्घिकांनी मागच्या दीर्घिकांच्या प्रतिमा वाकवल्याची उदाहरणं संगणकावरच्या सिम्युलेशनच्या अंदाजाच्या दहापटीहून जास्त निघाली. म्हणजे उरलेले गाभे अपेक्षेपेक्षा बरेच घट्ट असावेत. दोष सिम्युलेशनच्या रिझोल्यूशनचा (त्यात किती बारीक तपशील पकडता येतो याचा) की डार्क मॅटरबद्दलच्या आपल्या समजुतीचा, यावर नंतर बरीच जुंपली. मला आधी रिझोल्यूशनवरच संशय येतो.